फॅटी लिव्हरचा कागद हृदयासाठीही वाचायला हवा

सांगली-मिरजेत सोनोग्राफी करून आलेल्या चाळिशीपुढच्या कुणालाही विचारा, रिपोर्टमध्ये काय निघालं? मुतखडा निघाला असेल तर तो त्याबद्दल अर्धा तास बोलेल. पित्ताशयात खडे असतील तर ऑपरेशन कुठं करायचं यावर घरात दोनदा चर्चा झालेली असेल. आणि मग जाता जाता तो सांगेल, ‘बाकी थोडं फॅटी लिव्हर आहे, ग्रेड वन. पण ते काय, आता सगळ्यांनाच असतं.’ हे वाक्य शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ऐकू येतं, पाहुण्यांकडून येतं आणि डॉक्टरांच्या तोंडूनही येतं.

मला वाटतं, ही जाता जाता सांगायची गोष्ट नाही. यकृतात साठलेली चरबी ही हृदय पुढं थकणार असल्याची आगाऊ सूचना असू शकते. ती हातात पडल्यावर काय करायचं याची ठरलेली वाट जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेत असली पाहिजे. सरकारी कागदावर ती वाट बरीचशी आखलेली आहे. पेशंटच्या वाट्याला मात्र ‘तेलकट कमी खा’ एवढंच येतं.

आधी हार्ट फेल्युअरविषयी, कारण आपल्याकडं ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस जागच्या जागी गेला असं समजतात. डॉक्टर ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात तो वर्षानुवर्षं चालणारा आजार आहे. हृदय चालू असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुरवणं त्याला जमत नाही, किंवा जमवताना आतला दाब वाढवून घ्यावा लागतो. मग चालताना धाप लागते, संध्याकाळी पायावर सूज येते, रात्री आडवं झालं की गुदमरतं आणि एकाच्या दोन उशा होतात. याचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकात हृदयाचा स्नायू कमजोर होतो आणि टू-डी एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग कमी दिसतं. मोठा झटका येऊन गेलेल्यांत हा प्रकार नेहमीचा. दुसऱ्यात पंपिंग व्यवस्थित असतं, ५५-६० टक्के, पण स्नायू ताठर झालेला असतो. आकुंचन नीट होतं, सैल होणं नीट होत नाही. हृदय पुरेसं भरत नाही, दाब मागं फुफ्फुसाकडं सरकतो आणि दम लागतो. हार्ट फेल्युअरच्या एकूण रुग्णांपैकी जवळपास निम्मे या दुसऱ्या प्रकारातले असतात. फॅटी लिव्हरचं नातं जास्त करून याच प्रकाराशी दिसतं.

हाच प्रकार नजरेतून सुटतो. तो बायकांमध्ये जास्त आढळतो, वय वाढलेल्यांत, बीपी आणि शुगर असलेल्यांत, पोटाचा घेर सुटलेल्यांत आढळतो. पलूस किंवा तासगाव तालुक्यातली साठीतली बाई डोळ्यासमोर आणा. बीपीची गोळी चालू आहे, शुगर काठावर आहे. श्रावणी सोमवारी दंडोबाचा डोंगर चढताना पूर्वी लेकीसुनांच्या पुढं असायची, आता दोन ठिकाणी बसते. घरचे म्हणतात वय झालं, वजन वाढलं. ती स्वतःही तेच म्हणते, कारण दम लागतोय ही तक्रार घेऊन दवाखान्यात जाणं तिला लाड वाटतात. कुणी आग्रहानं मिरजेला नेलंच, तर ईसीजी होतो, एको होतो आणि ‘पंपिंग चांगलं आहे, काळजी नको’ असं ऐकून सगळे सुटकेचा श्वास टाकून परत येतात. पंपिंग चांगलं आहे हे खरंच असतं. पण तेवढ्यावरून हृदय ठीक आहे असं म्हणता येत नाही. एकोमध्येच हृदय सैल कसं होतं, डाव्या कप्प्यावर ताण किती आहे, हेही मोजता येतं. मात्र त्यासाठी पाहणाऱ्याच्या मनात शंका असावी लागते. त्याच बाईच्या फाइलमध्ये मागं सोनोग्राफीचा कागद असेल आणि त्यावर ‘फॅटी लिव्हर’ लिहिलेलं असेल, तर ती शंका यायला हवी. पण पोटाचा कागद पोटाच्या डॉक्टरांनी पाहायचा आणि छातीचा छातीच्या, अशी आपली वाटणी ठरून गेली आहे.

यकृत आणि हृदय इतके जवळचे कसे, याची साखळी आता बऱ्यापैकी उलगडली आहे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की चरबी जिथं साठायला नको तिथं साठू लागते. यकृत हे त्यातलं मोठं ठिकाण. चरबीनं भरलेलं यकृत मग गप्प बसत नाही. ते रक्तात जास्तीची साखर सोडतं, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढवतं, शरीरभर मंद दाह पेटता ठेवणारी द्रव्यं सोडतं. रक्तवाहिन्या ताठर होतात, बीपी वाढतं. हृदयाच्या भोवतीही चरबीचा थर जाड होतो आणि स्नायूत बारीक तंतू तयार होऊन तो कडक होत जातो. उलट्या दिशेनंही त्रास होतो. उजवं हृदय थकलं की रक्त मागं तुंबून यकृत सुजतं आणि दुखतं. ती सूज आणि ही चरबी वेगळ्या गोष्टी आहेत, पण एकाच माणसात दोन्ही असू शकतात आणि तेव्हा गोंधळ होतो.

पुरावा काय आहे? ‘गट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०२३ साली एक मोठा आढावा आला. त्यात ११ दीर्घकालीन अभ्यास, १ कोटी १२ लाखांहून अधिक माणसं आणि साधारण १० वर्षांचा पाठपुरावा होता. फॅटी लिव्हर असलेल्यांत नव्यानं हार्ट फेल्युअर होण्याची जोखीम फॅटी लिव्हर नसलेल्यांच्या सुमारे दीडपट निघाली. वय, लठ्ठपणा, मधुमेह, बीपी यांचा हिशेब वजा करूनही हा फरक उरला. त्याआधी २०२२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं फॅटी लिव्हर आणि हृदयविकाराच्या संबंधावर स्वतंत्र निवेदन काढलं होतं. फॅटी लिव्हर असलेली माणसं दगावतात ती सगळ्यात जास्त यकृतानं नाही, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं, ही गोष्ट तर त्याच्याही आधीपासून माहीत आहे.

दीडपट हा आकडा ऐकून कुणी घाबरून जाऊ नये. त्याच आढाव्यात दहा वर्षांत हार्ट फेल्युअर झालेले लोक हजारी नऊहून कमी होते. म्हणजे यकृतात चरबी असलेल्या बहुतेकांना हा आजार होणार नाही. शिवाय असे अभ्यास संबंध दाखवतात. चरबीमुळंच हृदय थकलं, की दोन्ही एकाच मुळातून आलं, हे त्यातून पक्कं ठरत नाही. अशा वेळी काही डॉक्टर विचारतात, मूळ जर वजन, शुगर आणि बीपी असेल तर फॅटी लिव्हरचं वेगळं नाव कशाला काढायचं? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर व्यवहाराचं आहे. आपल्याकडचा माणूस स्वतःहून शुगर तपासायला जात नाही, कंबर तर मोजतच नाही. पण पोटात दुखलं की सोनोग्राफी हमखास करतो. बाकी काही दुखत नसताना त्याच्या शरीराबद्दल खरं काही सांगणारा हा बहुधा पहिलाच कागद असतो. तो बाजूला टाकणं आपल्याला परवडणारं नाही. भारतातल्या पाहण्यांचा २०२२ मधला एक आढावा सांगतो की साधारण ३८ टक्के प्रौढांच्या यकृतात चरबी आहे. इतक्या लोकांत आढळतं म्हणून ते क्षुल्लक, हा तर्क उलटा आहे. इतक्या लोकांत आढळतं म्हणूनच तो सार्वजनिक प्रश्न आहे.

आणि ‘ग्रेड वन’ या शब्दांनी मिळणारा दिलासा तर फारच पोकळ आहे. यकृताच्या ५ टक्के पेशींत चरबी आली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. साध्या सोनोग्राफीला ती नीट दिसायला लागते २०-३० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ग्रेड वन लिहिलं जातं तेव्हा सुरुवात होऊन बराच काळ गेलेला असू शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ग्रेड हा फक्त चरबीचा अंदाज असतो. यकृतात वण पडायला लागलेत का, ते कडक होतंय का, हे त्यातून कळत नाही. पुढचं भविष्य, हृदयाचं धरून, ठरतं ते या वणांवरून. वाळवा-मिरज पट्ट्यात हे समजायला अवघड जाऊ नये. जमीन क्षारपड होते तेव्हा पांढरा थर वर दिसायच्या कितीतरी आधी मुळाशी पाणी आणि मीठ साठलेलं असतं. शेतकरी म्हणूनच माती तपासायला देतो, नुसत्या डोळ्यांवर विसंबत नाही.

वण पडलेत का याचा पहिला अंदाज घ्यायला महागडं यंत्र लागत नाही. एफआयबी-४ नावाचा एक हिशेब आहे. एसजीओटी आणि एसजीपीटी हे यकृताच्या रक्ततपासणीतले दोन आकडे. वयाला एसजीओटीनं गुणायचं, प्लेटलेट आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकारानं भागायचं. समजा ५२ वर्षांच्या माणसाचं एसजीओटी ४८ आहे, एसजीपीटी ५५ आणि प्लेटलेट १ लाख ८० हजार, म्हणजे हिशेबात १८०. यातला एकही आकडा पाहून कुणी फारसं घाबरणार नाही. पण उत्तर येतं १.८७ च्या आसपास. १.३ च्या खाली असेल तर वणांची शक्यता कमी धरतात, २.६७ च्या वर असेल तर जास्त, आणि मधे असेल तर यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनसारखी पुढची तपासणी करावी लागते. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात आणि पस्तिशीच्या आत हा हिशेब विश्वासाचा नाही. लागणारं रक्त तेच, जे आपण एरवीही देतो. लॅबच्या संगणकात हे सूत्र बसवलं की उत्तर आपोआप छापून येईल. जिल्ह्यातल्या प्रत्येक लॅबनं, सरकारी असो की खासगी, चाळिशीपुढच्या पेशंटच्या रिपोर्टवर हा आकडा द्यावा, एवढा एक नियम केला तरी कितीतरी माणसं वेळेत सापडतील.

अजून दोन समजुती आड येतात. एक, हा पिणाऱ्यांचा आजार आहे. ज्यांनी कधी घोट घेतला नाही अशी माणसं, विशेषतः बायका, ‘लिव्हरला काहीतरी आहे’ हे चारचौघांत सांगायला कचरतात आणि मग उपचारही लपूनछपून होतात. दुसरी समजूत, हा जाड्यांचा आजार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीर वरून बारीक दिसत असलं तरी आत चरबी बाळगतं, हे कितीतरी वर्षं मांडलं आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडं वजनकाट्यापेक्षा टेप जास्त खरं बोलतो. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली की सावध व्हायचं.

सांगली जिल्ह्यात हे बोलताना साखरेपाशी आल्याशिवाय गत्यंतर नाही. ऊस हा इथला संसार आहे. त्यावर घरं उभी राहिली, पोरं शिकली, सूतगिरण्या आणि कॉलेजं निघाली. त्याच्याविरुद्ध बोलायचा माझा इरादा नाही. पण साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, तो मुख्यतः यकृतातच पचवला जातो आणि जास्त झाला की तिथंच चरबी होऊन बसतो. हे रसायनशास्त्र जिल्हा पाहून बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ऊर्जा यावी, ५ टक्क्यांखाली आणता आली तर उत्तम. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. शेतावर, ऑफिसात, पाहुण्यांकडं मिळून पाच कप चहा झाला आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असली की ४० ग्रॅम तिथंच झाले. जेवणाबरोबरचं गोड वेगळं. अलीकडं चौकाचौकात गुळाचा चहा आला आहे आणि तो तब्येतीला चांगला म्हणून लोक दुसरा कप घेतात. गुळात थोडी खनिजं असतात, पण यकृताच्या दृष्टीनं तो बहुतांशी साखरच आहे. आणि पूर्वी हे खाणं जिरवणारी जी कष्टाची कामं होती, ती ट्रॅक्टरनं, ठिबकनं आणि मोटारसायकलनं काढून घेतली. हा कुणाचा दोष नाही, फक्त हिशेब बदलला आहे.

आता सरकारचं काय? फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना आणि प्रशिक्षणाची पुस्तिका निघाली. आशाताईंनी तिशीपुढच्या प्रत्येकाचा जोखमीचे गुण काढणारा फॉर्म भरायचा, कंबर टेपनं मोजायची, गुण चारच्या वर गेले की पुढं पाठवायचं, ही रचना आहे. दुसऱ्या टोकाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिच्यातून अँजिओप्लास्टीचा खर्च निघतो. दोन्ही टोकं चांगली आहेत. मधला भाग रिकामा आहे. कंबर ९६ निघाली, पुढं काय? सोनोग्राफीत चरबी निघाली, पुढं काय? बीपी, तीन महिन्यांची शुगर, रक्तातल्या चरबीची तपासणी, एफआयबी-४ आणि ‘चालताना धाप लागते का, पायाला सूज येते का’ हे दोन प्रश्न, एवढं सगळं एकाच खेपेला, प्राथमिक आरोग्य केंद्रातच व्हायला हवं. हे काम आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक ओझं म्हणून टाकू नये. त्या टेप घेऊन घरोघर जाऊन आल्या आहेत, पुढची कडी डॉक्टर आणि लॅबनं जोडायची आहे. ज्या मिरजेत १८९४ पासून मोठं मिशन रुग्णालय आहे, १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जिथं कोकणातून आणि कर्नाटकातून पेशंट येतात, तिथं यकृत आणि हृदय यांची एकत्रित ओपीडी आठवड्यातून एकदा चालवायला डॉक्टर कमी पडू नयेत.

या मधल्या रिकाम्या जागेत आज कोण बसलं आहे, तेही पाहा. लिव्हर साफ करणारी पावडर, काढे, टॉनिकच्या बाटल्या. यकृतातली चरबी त्यांनी कमी होते याला भक्कम पुरावा नाही, आणि काही वनौषधींनी यकृताला इजा झाल्याचीही नोंद आहे. त्याहून मोठं नुकसान दुसरीकडं होतं. एसजीपीटी थोडं वाढलेलं दिसलं की कुणीतरी सांगतं, कोलेस्टेरॉलची गोळी बंद करा, लिव्हर खराब होईल. स्टॅटिन गटातल्या या गोळ्या फॅटी लिव्हरमध्ये सुरक्षित आहेत असं मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. ज्याला हृदयाची जोखीम जास्त, त्याचीच हृदयाची ढाल यकृताच्या नावानं काढून घेतली जाते. ती गोळी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही बंद करू नये.

उपाय आहेत आणि ते आवाक्यातले आहेत. ताठर हृदयाच्या हार्ट फेल्युअरसाठी कितीतरी वर्षं उपयोगी औषधच नव्हतं. आता एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन या मूळ मधुमेहाच्या गोळ्यांनी अशा रुग्णांची हॉस्पिटलची फेरी कमी होते हे २०२१ आणि २०२२ च्या मोठ्या चाचण्यांत दिसलं, आणि दोन्हींच्या स्वस्त जेनेरिक आवृत्त्या आपल्या बाजारात आहेत. पण सगळ्यात आधी वजन. ५ टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होते, ७ ते १० टक्के उतरलं तर दाह कमी होतो, १० टक्क्यांच्या पुढं वणही मागं हटू शकतात. ८० किलोच्या माणसाला याचा अर्थ सहा ते आठ किलो, तेही सहा-आठ महिन्यांत सावकाश. ज्या जिल्ह्यात गावोगाव तालमी आहेत तिथं व्यायाम परका नाही. फक्त तालमीचा उंबरा पोरांपुरता राहिला आहे. चाळिशीच्या पुरुषाला आणि कुठल्याही वयाच्या बाईला तिथं वेळ ठरवून जागा मिळाली तर ग्रामपंचायतीला त्याचा वेगळा खर्चही येणार नाही.

शेवटचा मुद्दा साखर कारखान्यांचा, कारण इथं सरकारच्या आधी लोकांपर्यंत पोहोचणारी यंत्रणा तीच आहे. कारखाने माती तपासून देतात, बेणं देतात, आरोग्य शिबिरं भरवतात. शिबिरात बीपी आणि शुगर पाहतात, डोळे पाहतात. त्यातच कंबरेचा टेप आणि एफआयबी-४ घालायला हरकत नसावी, आणि ज्यांचा आकडा वर येईल त्यांची यादी जवळच्या आरोग्य केंद्राला दिली जावी, म्हणजे शिबिर फोटोपुरतं उरणार नाही. दुसरी सूचना काहींना रुचणार नाही, तरी करतो. सभासदांना सवलतीच्या दरात साखर मिळते. तो त्यांचा हक्क आहे आणि तो कुणी काढून घेऊ नये. पण दोन माणसांच्या घरात कट्ट्यानं साखर आली की ती संपवलीच जाते. ज्या सभासदाला हवं असेल त्याला साखरेऐवजी तेवढ्याच सवलतीची तूरडाळ, शेंगदाणे किंवा थेट फरकाची रक्कम घेण्याची मुभा द्यावी. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, वार्षिक सभेत ठराव लागतो. सभा बहुतेक ठिकाणी सप्टेंबरात होतात आणि विषयपत्रिकेवर विषय घालायचा अर्ज कुठलाही सभासद आधी देऊ शकतो.